अधूनमधून अडखळणारे इंजिन आणि आपला खिसा

घरी आठवडाभर खोकणारे मूल डॉक्टरांसमोर बसले की अगदी ठणठणीत असते, हा अनुभव बहुतेक आईबापांना आहे. जुन्या गाडीचेही तसेच. सोमवारी फ्रीवेच्या चढावर ती तीन-चार हिसके देते, मंगळवारी सिग्नलला उभी असताना थरथरते, आणि बुधवारी अर्धी रजा काढून गॅरेजमध्ये न्यावी तर शिवणयंत्रासारखी एका लयीत चालते. मेकॅनिक एक चक्कर मारून येतो आणि म्हणतो, "मला तर काही जाणवले नाही. प्लग बदलून बघू या का?" या "बदलून बघू या" मध्येच आपले पैसे जातात. बिघाड ४०-५० डॉलरच्या भागाचा असतो आणि तो सापडेपर्यंत शेकडो डॉलर अंदाजावर खर्च झालेले असतात.

अमेरिकेतल्या गाड्यांचे सरासरी वय २०२४ साली १२.६ वर्षे होते. आपल्या घरांतही दुसरी गाडी बहुधा जुनीच असते. स्टेशनपर्यंत जायला, आईबाबा आले की त्यांना देवळात आणि ग्रोसरीला न्यायला, किंवा मुलगी कॉलेजला निघाली की तिच्या हाती द्यायला ती कामाला येते. म्हणजे जिच्यावर आपण सगळ्यांत कमी खर्च करू इच्छितो, त्याच गाडीत बऱ्याचदा घरातली सगळ्यांत जवळची माणसे बसतात. म्हणून आरोग्य आणि अर्थ या सदरात इंजिनाच्या अडखळण्याविषयी लिहिणे मला अस्थानी वाटत नाही.

मिसफायर म्हणजे काय

ज्यांनी भारतात बजाज स्कूटर चालवली आहे, त्यांना हे दुखणे नवे नाही. स्कूटर एका अंगाला कलती करायची, किका मारायच्या, तरी ऐकले नाही तर प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचा. तिथे सिलिंडर एकच होता. ठिणगी चुकली की स्कूटर बंद, संशयाला जागा नाही. चार सिलिंडरच्या गाडीत एक चुकला तरी उरलेले तिघे गाडी ओढून नेतात. म्हणून ती बंद पडत नाही, नुसती अडखळते, आणि आपण "बघू पुढच्या महिन्यात" म्हणत चालवत राहतो.

इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर दर दोन फेऱ्यांना एकदा या हिशेबाने प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा पेट्रोल पेटते. चारही मिळून १०० वेळा. प्रत्येक वेळी चार गोष्टी जुळाव्या लागतात: हवा आणि पेट्रोल यांचे योग्य प्रमाण, सिलिंडरमध्ये पुरेसा दाब, जोरकस ठिणगी, आणि ती ठिणगी नेमक्या क्षणी पडणे. यांतली एक जरी हुकली तरी तो स्फोट वाया जातो आणि न जळलेले पेट्रोल तसेच एग्झॉस्टमध्ये जाते. यालाच मिसफायर म्हणतात. स्पार्क प्लग, इग्निशन कॉइल, इंजेक्टर, हवा गळणारी एखादी रबरी नळी, झिजलेली व्हॉल्व्ह, फाटलेले हेड गॅस्केट, यांपैकी कोणीही गुन्हेगार असू शकतो. लक्षण एक आणि कारणे डझनभर, म्हणून अंदाजाने भाग बदलत जाणे हा जुगार होतो.

दिव्याची भाषा

१९९६ आणि त्यापुढच्या मॉडेलच्या, इथे विकल्या गेलेल्या प्रत्येक पेट्रोल गाडीत बिघाड नोंदवणारी ओबीडी-टू ही यंत्रणा आहे. क्रँकशाफ्टबरोबर फिरणाऱ्या दातेरी चाकावर एक सेन्सर नजर ठेवून असतो. एखाद्या सिलिंडरने आपला धक्का दिला नाही तर चाक क्षणभर मंदावते आणि दोन दात्यांमधला वेळ किंचित वाढतो. गाडीतला संगणक ते मोजतो आणि कोणत्या सिलिंडरची पाळी चुकली ते ओळखतो. कोड पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी०३०२ म्हणजे दुसरा, याप्रमाणे. पी०३०० म्हणजे चूक एका सिलिंडरपुरती नाही, ती फिरती आहे.

"चेक इंजिन"चा दिवा दोन तऱ्हांनी बोलतो. तो स्थिर पेटला असेल तर बिघाड नोंदला गेला आहे, लवकर दाखवा, असा अर्थ. तो लुकलुकत असेल तर अर्थ वेगळा. मिसफायर इतके वाढले आहे की न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आहे. प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा लेप असलेली आतली जाळी अशा उष्णतेने वितळू शकते. नवा कन्व्हर्टर बसवायला सहज हजार-दोन हजार डॉलर किंवा त्याहून जास्त लागतात. तेव्हा दिवा लुकलुकू लागला तर ॲक्सिलरेटरवरचा पाय सैल करा, सुरक्षित जागा पाहून थांबा, आणि लुकलुकणे थांबत नसेल तर टो ट्रक बोलवा. "घर चारच मैलांवर आहे" हा हिशेब इथे करू नये.

केंद्र सरकारच्या नियमानुसार कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि इंजिनाचा मुख्य संगणक यांच्यावर ८ वर्षे किंवा ८०,००० मैल, यांतले जे आधी पूर्ण होईल तोपर्यंत, उत्पादकाची वॉरंटी असते. गाडी जुनी पण कमी चाललेली असेल, तर खिशात हात घालण्यापूर्वी ही तारीख जरूर पाहा.

दिवा गेला म्हणजे दुखणे गेले असे नाही

मिसफायर हलके असेल तर संगणक पहिल्या खेपेला दिवा लावतच नाही. बिघाड "पेंडिंग" म्हणून मनात ठेवतो. पुढच्या खेपेलाही तोच आढळला तर दिवा लागतो. पुढे तशाच परिस्थितीतल्या लागोपाठ तीन खेपा निर्वेध गेल्या तर दिवा आपोआप विझतो. आपल्याला वाटते गाडी सुधारली. कोड मात्र संगणकाच्या स्मरणात बरेच दिवस राहतो, आणि त्याबरोबर बिघाडाच्या क्षणाची एक नोंदही असते. तिला फ्रीज फ्रेम म्हणतात. त्या क्षणी इंजिनाचे फेरे किती होते, पाणी किती तापलेले होते, गाडीचा वेग आणि इंजिनावरचा भार किती होता, हे तिच्यात असते. अधूनमधून येणाऱ्या बिघाडाचा एवढा चांगला साक्षीदार दुसरा नाही.

म्हणून पहिला नियम असा की कोड लिहून घेतल्याशिवाय पुसू नका, पुसू देऊ नका. बॅटरीची तार काढून ठेवली तरी हा पुरावा पुसला जाऊ शकतो. साधा स्कॅनर २०-३० डॉलरला मिळतो आणि डॅशबोर्डखालच्या प्लगमध्ये बसतो. सुट्या भागांच्या बऱ्याच दुकानांत कोड फुकट वाचून देतात, पण तिथे मिळणारा कागद म्हणजे निदान नव्हे. पी०३०३ हा कोड "तिसऱ्या सिलिंडरमध्ये ज्वलन चुकले" एवढेच सांगतो. "तिसरी कॉइल घ्या" असे तो म्हणत नाही. तो ताप मोजणारा थर्मामीटर आहे, औषधाची चिठ्ठी नाही.

ग्लव्ह कंपार्टमेंटमधली वही

माझा व्यवसाय सॉफ्टवेअरचा. आमच्याकडेही महिन्यातून दोनदाच दिसणारे आणि कोणी पाहायला आले की नाहीसे होणारे दोष असतात. त्यांना पकडायचा मार्ग ठरलेला आहे. दोष कोणत्या परिस्थितीत येतो ते लिहीत जायचे, ती परिस्थिती मुद्दाम निर्माण करता येईल इतकी ओळखीची करून घ्यायची, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. गाडीला हाच नियम तंतोतंत लागू पडतो.

एक छोटी वही गाडीत ठेवा. हिसका बसला की थांबल्यावर लिहा: तारीख, इंजिन थंड होते की तापलेले, उभे होते की वेगात, चढ होता का, एसी चालू होता का, पाऊस किंवा धुके होते का, पेट्रोल नुकतेच भरले होते का, दिवा लागला का आणि कसा. दहा-बारा नोंदी झाल्या की आकार दिसू लागतो.

सकाळी थंड इंजिनावर पहिली दोन मिनिटे अडखळते आणि मग सुरळीत, शिवाय रेडिएटरचे पाणी कुठे न सांडता कमी होते, असे असेल तर हेड गॅस्केटमधून पाणी सिलिंडरमध्ये झिरपत असण्याची शंका घ्यावी. ही गाडी चालवत राहू नये.

पावसात किंवा दमट हवेतच त्रास होत असेल, तर विजेच्या मार्गातल्या तारा, कॉइल आणि त्यांच्या रबरी टोप्या तडकलेल्या आहेत का ते पाहावे. ओल मिळाली की वीज प्लगकडे न जाता जवळच्या लोखंडाकडे पळते.

इंजिन तापल्यावर चढावर किंवा फ्रीवेवर वेग घेताना हिसके बसत असतील तर संशय कॉइल आणि प्लगवर. इंजिनावर भार वाढला की सिलिंडरमधला दाब वाढतो, आणि दाबाखाली ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागते. थकलेली कॉइल सपाट रस्त्यावर काम भागवते आणि चढावर हात टेकते.

सिग्नलला उभी असताना थरथर आणि वेगात काहीच नाही, असे असेल तर कुठून तरी जास्तीची हवा आत शिरत असावी. उभ्या इंजिनात हवा मुळात कमी लागते, म्हणून छोटी गळतीही जाणवते. स्कॅनरवर "फ्युएल ट्रिम" हा आकडा दिसतो. संगणकाला पेट्रोल किती टक्के वाढवावे लागते आहे, ते तो सांगतो. उभ्या गाडीत तो मोठा आणि फेरे वाढवले की खाली येतो, तर हवेची गळती शोधावी. उलट असेल, म्हणजे जोर लावताना वाढत असेल, तर पंप किंवा फिल्टरकडून पेट्रोल कमी पडते आहे.

पेट्रोल भरल्यावर लगेच सुरू होताना त्रास देत असेल, तर टाकीतली वाफ इंजिनाकडे सोडणारी पर्ज व्हॉल्व्ह उघडी अडकली असू शकते. आणि खड्ड्यात चाक गेले की हिसका बसत असेल, तर सैल कनेक्टर किंवा घासलेली तार शोधावी.

या नोंदींनी निदान पूर्ण होत नाही. पण डझनभर संशयितांपैकी दोघे-तिघेच उरतात, आणि पैसे तिथेच वाचतात.

एक उदाहरण

आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाची २०१० सालची चार सिलिंडरची गाडी १,४२,००० मैल चाललेली होती. तापल्यावर कधीतरी हिसके देई. दोन गॅरेजांतून मिळून प्लग १८० डॉलर, पेट्रोलच्या मार्गाची साफसफाई १६०, ऑक्सिजन सेन्सर ३१० आणि थ्रॉटल बॉडीची सफाई १४० असे ७९० डॉलर झाले. हिसके होते तसेच राहिले. ऑगस्टमध्ये मुलगी कॉलेजला निघणार होती. अशा गाडीत तिला दोनशे मैल पाठवायला आई तयार नव्हती. शेवटी ठरले की विद्यापीठात नव्याने आलेल्या एखाद्या भारतीय विद्यार्थ्याला ती २,५०० डॉलरला देऊन टाकावी. "आपली मुलगी नको, पण दुसऱ्याचा मुलगा चालेल?" हा प्रश्न आईनेच विचारला, आणि विक्री थांबली.

मग वही सुरू झाली. तीन आठवड्यांत नऊ नोंदी झाल्या. नऊही वेळा इंजिन वीस मिनिटांहून जास्त चाललेले, एसी चालू आणि चढ. स्कॅनरवर पेंडिंग कोड पी०३०३. आता अदलाबदलीची चाचणी करता येत होती. इंजिन पूर्ण थंड असताना, किल्ली काढून, तिसऱ्या सिलिंडरची कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याची तिसऱ्यावर बसवली, दोन्हींवर टेपने खूण केली. बाकी कशालाही हात लावला नाही. आठ दिवस काहीच झाले नाही. नवव्या दिवशी त्याच चढावर हिसका बसला आणि पेंडिंग कोड आला पी०३०१. बऱ्याच स्कॅनरांवर "मोड ६" असतो, आणि २००८ व नंतरच्या गाड्यांत त्यात प्रत्येक सिलिंडरच्या चुकांची मोजदाद दिसते. तिथे पहिल्या सिलिंडरपुढे ४६ आणि तिसऱ्यापुढे शून्य होते. दोष कॉइलबरोबर चालत गेला होता. प्लग, इंजेक्टर आणि सिलिंडर तिघेही एका झटक्यात निर्दोष सुटले.

गोष्ट इथे संपली नाही. कॉइल काढताना तिच्या रबरी टोपीला तेल लागलेले दिसले होते. वरच्या झाकणाच्या गॅस्केटमधून ते प्लगच्या विहिरीत उतरत होते. नुसती कॉइल बदलली असती, तर तेलाने नव्या कॉइलची टोपीही कालांतराने खराब झाली असती. स्कॅनर ३०, कॉइल ६५ आणि गॅस्केट मजुरीसह २१०, असे एकूण ३०५ डॉलर लागले. ऑगस्टमध्ये मुलगी त्याच गाडीतून गेली.

घरी काय करावे, काय करू नये

वही, स्कॅनर, तेल-पाण्याची पातळी आणि, कॉइल सहज हाताशी असतील तर, थंड इंजिनावर अदलाबदल, एवढे घरी करता येते. जुन्या गाडीतल्या प्लास्टिकच्या क्लिपा ठिसूळ झालेल्या असतात, त्या जपून दाबाव्यात. चालू इंजिनात कॉइल किंवा तार उपटून पाहण्याची जुनी पद्धत मात्र सोडून द्या. तिथे हजारो व्होल्ट खेळत असतात. प्लग पॉलिश पेपरने घासण्याचा स्कूटरचा उपायही आजच्या इरिडियमच्या प्लगना चालत नाही, त्यांचे टोक नाजूक असते. दाब मोजणे, धूर सोडून हवेची गळती शोधणे, इंजेक्टर तपासणे ही कामे ज्याची त्याला करू द्यावीत.

आणखी एक गोष्ट आरोग्याची. मिसफायर होणारे इंजिन बंद गराजमध्ये, दार उघडे ठेवूनसुद्धा, चालू ठेवून तपासू नका. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास.

मेकॅनिकशी बोलताना

"कॉइल बदलून द्या" असे सांगितले तर कॉइल बदलून मिळेल, निदान मिळणार नाही. त्याऐवजी वहीतली नोंद, कोड आणि फ्रीज फ्रेमचे आकडे एका कागदावर लिहून द्या. शक्य असेल तर ज्या चढावर हिसका बसतो तिथे त्याला बरोबर घेऊन जा. निदानाचे वेगळे पैसे मागितले तर कुरकुर करू नका. १००-२०० डॉलर तपासणीला दिले आणि तिने नेमके कारण सांगितले, तर ते "फुकट तपासणी" करून अंदाजाने बसवलेल्या भागांपेक्षा स्वस्तच पडतात. काम सुरू होण्यापूर्वी अंदाजपत्रक लेखी घ्या, आणि एक प्रश्न नम्रपणे पण नक्की विचारा: "हाच भाग बिघडला आहे हे कोणत्या चाचणीवरून ठरले?" चांगल्या मेकॅनिकला हा प्रश्न आवडतो. काढलेला जुना भाग परत मागायलाही संकोच करू नका.

ठेवावी की काढावी

बरेच जण दुरुस्तीच्या खर्चाची तुलना गाडीच्या बाजारभावाशी करतात. "गाडीच ३,००० ची, तिच्यावर १,५०० कशाला?" तुलना पुढच्या प्रवासाच्या खर्चाशी करायला हवी. १,५०० डॉलरच्या दुरुस्तीने गाडी आणखी दीड वर्ष नीट चालणार असेल, तर महिन्याला सुमारे ८३ डॉलर पडतात. तेवढ्या हप्त्यात दुसरी गाडी येते का, ते पाहा. उलट तपासणीत दोन सिलिंडरांचा दाब खचलेला किंवा हेड गॅस्केट गेलेले निघाले आणि बाकी गाडीही गंजलेली असेल, तर तिला निरोप देण्यात शहाणपण आहे. निर्णय कोणताही असो, निदानाआधी तो घेऊ नये.

गाडी काढायची ठरली आणि घेणारा आपल्याच मंडळातला किंवा नुकताच भारतातून आलेला विद्यार्थी असला, तर त्याच्या हाती किल्लीबरोबर ती वहीही द्या. आणि आपण स्वतः जुनी गाडी घेत असाल, तर स्कॅनरवर "रेडिनेस" पाहिल्याशिवाय चेक लिहू नका. यंत्रणेच्या बहुतेक चाचण्या "अपूर्ण" दिसत असतील, तर कोड नुकतेच पुसलेले किंवा बॅटरी नुकतीच काढलेली आहे. कारण विचारा, आणि आठवडाभर गाडी चालल्यावर पुन्हा पाहायला या. एमिशनची तपासणी सक्तीची असलेल्या राज्यांत अशी गाडी त्या तपासणीतही परत पाठवली जाते.